फक्त मरणापुरते आठवलेले साम्राज्य : इतिहासाची पुस्तके लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शालेय इतिहासाची पाठ्यपुस्तके लिहिणारे, तपासणारे व मंजूर करणारे सर्व मान्यवर,
तसेच स्पर्धा परीक्षांची गाइडे आणि नोट्स काढणारी मंडळी,
यांस स. न. वि. वि.

‘१४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले. त्यामुळे युरोप व आशिया यांना जोडणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि युरोपीय लोकांना नवे सागरी मार्ग शोधणे भाग पडले.’ शब्द थोडे इकडेतिकडे होत असतील, पण महाराष्ट्रात इतिहास शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले तरी हे वाक्य घडाघडा येते. मी इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातल्या मुलांनाही ते माझ्याकडे येण्याआधीच पाठ असते.

माझी तक्रार दुहेरी आहे. पहिली, हे वाक्य चूक आहे. दुसरी, अकराशे वर्षे टिकलेले पूर्वेकडचे रोमन, म्हणजेच बायझंटाईन, राज्य आपल्या पुस्तकांत येते ते केवळ मरण्यासाठी. त्या शहरात, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, आधी कोण राहत होते, काय करत होते, त्यांचा आपल्याशी कधी संबंध आला का, याचा पत्ताच नाही. मला जास्त सलते ती दुसरी.

आधी या राज्याचा ‘शेवट’ आपण दोनदा शिकवतो, ते बघा. एका धड्यात रोमन साम्राज्य ४७६ मध्ये कोसळते. त्या वर्षी इटलीत ओडोएसर नावाच्या सेनानीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवले, आणि सम्राटपदाची वस्त्रे-चिन्हे पूर्वेचा सम्राट झेनो याच्याकडे रवाना झाली. निरोप असा होता की पश्चिमेला वेगळा सम्राट आता नको, एक पुरे आहे. म्हणजे सम्राट होता, दरबार होता, खजिना होता, फौज होती. कॉन्स्टंटाईनने ३३० मध्ये बॉस्फरसच्या काठी थाटलेल्या राजधानीत हा सगळा संसार पुढे १४५३ पर्यंत चालला. मधली १२०४ ते १२६१ ही वर्षे तेवढी परागंदा होऊन काढावी लागली. तिथली माणसे ग्रीक बोलत आणि स्वतःला रोमन म्हणवत. ‘बायझंटाईन’ हे नाव युरोपातल्या पंडितांनी सोळाव्या शतकात रूढ केले. तोवर त्याला हरकत घ्यायला त्यांचा राजा उरला नव्हता.

आता ही माणसे जिवंत असताना काय करत होती, ते थोडे ऐका.

जस्टिनियनने ५२७ ते ५६५ राज्य केले. रोमन कायद्याचा शतकानुशतके साचलेला ढिगारा उपसून त्याने ५३४ पर्यंत त्याची संहिता करून घेतली. मध्येच ५३२ मध्ये राजधानीत दंगल उसळली आणि ती चिरडताना शर्यतीच्या मैदानात तीसेक हजार माणसे मारली गेली. जळालेल्या चर्चच्या जागी पाचच वर्षांत हागिया सोफिया उभे राहिले. हे झाले नेहमीचे. पण आपल्या शेजारच्या गोव्यात लग्न, वारसा, नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता यांना लागू असलेला नागरी कायदा १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आला आहे, आणि त्या संहितेची मुळे धरून मागे मागे जात राहिलात तर जस्टिनियनच्या दरबारापर्यंत पोहोचता. समान नागरी कायद्यावर आपल्याकडे एवढी चर्चा झडते, गोव्याचे उदाहरण दर भाषणात येते, आणि जस्टिनियन मात्र पुस्तकात नाही.

याच सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी पुढे साधू झाला आणि त्याने एक पुस्तक लिहिले. विश्व पेटीसारखे आणि पृथ्वी सपाट चौकोनी आहे, हा त्याचा सिद्धान्त सोडून द्या. व्यापाराची माहिती मात्र पक्की. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे तो नावानिशी सांगतो, त्यांत ‘कल्लिआना’ आहे आणि ‘सिबोर’ आहे. बहुतेक अभ्यासक कल्लिआना म्हणजे आपले कल्याण मानतात, सिबोर म्हणजे चौल असावे असे म्हणतात. कल्याणहून तांबे-पितळ, इमारती लाकूड आणि कापड जाते, तिथे ख्रिस्ती वस्ती आहे आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो, असे तो लिहितो. कल्याण स्टेशनात रोज गाडी बदलणाऱ्या मुलाला हे एवढे एक वाक्य वाचायला मिळाले, तर ‘मध्ययुगीन युरोप’ त्याला इतका परका वाटणार नाही.

कॉस्मसनेच सांगितलेला एक प्रसंग आहे. सोपात्रस नावाचा रोमन व्यापारी श्रीलंकेत उतरला, त्याच सुमारास एक इराणीही आला. दोघांना राजापुढे नेले. राजाने विचारले, तुमच्या राजांपैकी मोठा कोण? इराण्याने लगेच आपल्या शहाचे गुणगान सुरू केले. सोपात्रस गप्प. राजाने त्याला छेडले तेव्हा तो म्हणाला, दोन्ही राजे इथेच हजर आहेत, तुम्हीच पाहा. मग त्याने दोघांची नाणी पुढे ठेवायला सांगितली. रोमन नाणे सोन्याचे, लखलखीत, रेखीव. इराणी दिरहम चांदीचा. राजाने दोन्ही उलटून पालटून पाहिली, रोमनांना कौल दिला आणि सोपात्रसला हत्तीवर बसवून ढोल वाजवत नगरातून मिरवले. गोष्ट व्यापाऱ्यानेच सांगितलेली, तेव्हा थोडे मीठमसाला धरून चाला. पण नाणे खरे होते. कॉन्स्टंटाईनने एका रोमन पौंडात ७२ या हिशेबाने पाडलेले ते सोन्याचे नाणे अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे सातशे वर्षे, कसाला जवळजवळ तसेच राहिले. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या अक्की-आलूरला अशी सोन्याची नाणी सापडली आहेत. चलन सातशे वर्षे खोटे न होऊ देणारे सरकार कसे चालत असेल, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या तासालाही घेता येईल.

आणि एक गोष्ट, जी मला वाटते महाराष्ट्रातल्या मुलांना चटकन समजेल. ९२७-२८ चा हिवाळा तिकडे भयंकर गेला. पिके बुडाली, दुष्काळ पडला, आणि गावोगावच्या लहान शेतकऱ्यांनी पोटासाठी जमिनी विकल्या. घेणारे कोण, तर मोठे अधिकारी, सरदार, मठ. कायद्याच्या भाषेत त्यांना ‘सामर्थ्यवान’ म्हणत. सम्राट रोमानस लेकापेनसने ९३४ मध्ये कायदा केला. दुष्काळात निम्म्याहून कमी भावाने जमीन बळकावली असेल तर ती फुकट परत करा; भाव बऱ्यापैकी दिला असेल तर मूळ मालकाला पैसे फेडून ती सोडवून घेण्याची मुदत द्या. यात दयाबुद्धी किती होती, हा वादाचा विषय आहे. गावचा लहान शेतकरी कर भरत होता आणि फौजेला माणूस देत होता. तो मोडला की राज्य मोडते, एवढे त्यांना कळत होते. पुढे दुसऱ्या बेसिलने ९९६ मध्ये हाच कायदा आणखी कडक केला. त्याच्यामागून आलेल्यांनी तो ढिला सोडला, बड्यांचे फावले, आणि १०७१ मध्ये मान्झिकर्टला सेल्जुक तुर्कांनी सम्राटालाच कैद केले तेव्हा आतून पोखरलेले बरेच काही बाहेर दिसले. दख्खनच्या १८७५ च्या दंग्यांवर आपण सावकार आणि गहाणखते शिकवतो. त्याच्या साडेनऊशे वर्षे आधी याच दुखण्यावर एका सरकारने काय इलाज केला, हे शेजारी ठेवून शिकवता आले असते.

बारावे शतक घ्या. सम्राट जॉन कॉम्निनस आणि सम्राज्ञी आयरीन यांनी राजधानीत पँटोक्रेटर मठ बांधला. त्याची ११३६ ची नियमावली आजही उपलब्ध आहे. मठाला जोडून ५० खाटांचे रुग्णालय होते, त्यातल्या १२ खाटा बायकांसाठी, आणि त्या विभागावर एक स्त्री-वैद्य नेमलेली. कोणाचा पगार किती, रुग्णाला अंथरूण-पांघरूण काय द्यायचे, हे सगळे लिहून ठेवले आहे. (त्या स्त्री-वैद्याचे वेतन पुरुषांपेक्षा कमी लावले होते, हेही.) जॉनची बहीण ॲना हिने आपल्या बापाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला. मध्ययुगातली बाई, राजकन्या, आणि इतिहासकार! आपल्या पुस्तकात ‘मध्ययुग म्हणजे अंधारयुग’ या मथळ्याखाली या माणसांना कुठे बसवायचे?

बाकीचे भराभर सांगतो. ८६३ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ मोरावियात धर्मप्रचाराला गेले आणि त्यासाठी त्यांनी स्लाव्ह भाषेला लिपी दिली. ९८८ मध्ये कीव्हच्या व्लादिमिरने ख्रिस्ती धर्म घेतला तो कॉन्स्टँटिनोपलकडून. आज रशिया, युक्रेन, बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस या देशांचा धर्म, त्यांच्या चर्चचे घुमट, त्यांची चित्रे सगळी त्या शहराकडे बोट दाखवतात. युक्रेनची बातमी रोज वाचणाऱ्या मुलांना ही पार्श्वभूमी तुमच्या पुस्तकातून मिळायला हवी होती.

या राज्याचा कणा तुर्कांनी मोडला असे आपण समजतो. पण प्राणघातक घाव बसला तो १२०४ मध्ये, आणि घातला तो ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी. निघाले होते मुसलमानांशी लढायला. व्हेनिसच्या जहाजांचे भाडे थकले, गादीवर हक्क सांगणारा एक रोमन राजपुत्र भेटला, त्याने कबूल केलेले पैसे दिले नाहीत, आणि शेवटी त्यांनी युरोपातले सर्वांत श्रीमंत ख्रिस्ती शहर लुटले. तिथून उचललेले चार कांस्य घोडे व्हेनिसमध्ये आजही आहेत. त्याआधी शंभरेक वर्षे सम्राटांनी आरमारी मदतीच्या बदल्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकातमाफी दिली होती. इंग्रज कंपनीला जकातमाफी देणारे १७१७ चे फर्रुखसियरचे फर्मान आपण शिकवतोच. जकात न भरणारा परका व्यापारी देशी व्यापाऱ्याचे आणि सरकारी तिजोरीचे काय करतो, ते मुलांना त्यातून कळते. तिथे तेच सहाशे वर्षे आधी घडून गेले होते.

१२६१ मध्ये शहर परत मिळाले, पण वैभव परतले नाही. १४५३ मध्ये एकविसाव्या वर्षी ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदने वेढा घातला तेव्हा कधीकाळी लाखोंनी भरलेल्या शहरात पन्नासेक हजार माणसे होती आणि तटावर लढणारे सात-आठ हजार. ज्या ऑर्बान नावाच्या हंगेरियन कारागिराने मेहमदसाठी महाकाय तोफ ओतली, तो आधी सम्राटाकडेच नोकरी मागायला गेला होता. सम्राटापाशी त्याला द्यायला पैसे नव्हते. शहरालगतच्या गोल्डन हॉर्न या खाडीच्या तोंडाशी साखळदंड बांधलेले पाहून मेहमदने जहाजे चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून डोंगर ओलांडून आत नेली. तटावर सम्राटाच्या बाजूने ऑटोमन घराण्यातला ओरहान हा राजपुत्र लढत होता, तर मेहमदच्या फौजेत ख्रिस्ती सर्ब होते. हल्ली फॉरवर्डमध्ये या लढाईचे जे धर्मयुद्ध होऊन येते, त्यात ही माणसे बसत नाहीत. २९ मे ला, मंगळवारी, शहर पडले. अकरावा कॉन्स्टंटाईन लढता लढता गेला.

आणि आता ते आपले वाक्य.

शहर पडले २९ मे ला. १ जूनला मेहमदने समोरच्या काठावरच्या गलाता इथल्या, इटलीतल्या जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांना करारनामा करून दिला की तुमचा जीव, मालमत्ता आणि व्यापार सुरक्षित आहे. मध्ये गेले तीन दिवस. पुढच्या वर्षी, १४५४ मध्ये, व्हेनिसशी तह झाला. जिंकलेल्या शहरात माणसे आणून वसवणारा, जकात वसूल करणारा सुलतान व्यापार बंद कशाला करेल? काळ्या समुद्रातला जिनोआचा धंदा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बसत गेला, १४७५ मध्ये क्रिमियातले त्यांचे काफा हे ठाणे गेले, हे मान्य. पण मिरी, लवंग, दालचिनी यांचा मोठा रस्ता मुळात कॉन्स्टँटिनोपलवरून जातच नव्हता. तो मलबारहून तांबड्या समुद्रात, तिथून कैरो, अलेक्झांड्रिया आणि मग व्हेनिस असा होता. इजिप्त होते मामलुक सुलतानांकडे. ऑटोमनांनी इजिप्त घेतले १५१७ मध्ये, तोपर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या हाती जाऊन सात वर्षे झाली होती. अल्बर्ट लायबायर या अमेरिकन इतिहासकाराने १९१५ मध्येच मसाल्याचे भाव तपासून दाखवले होते की तुर्कांनी वाट अडवल्याच्या खुणा त्यांत दिसत नाहीत. याला आता शंभर वर्षे उलटली. आपली आवृत्ती दर काही वर्षांनी बदलते, मुखपृष्ठ बदलते, वाक्य बदलत नाही.

पोर्तुगीजांचे वेळापत्रक पाहा. उत्तर आफ्रिकेतले सेउटा जिंकले १४१५ मध्ये, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बोजादोरचे भूशिर ओलांडले १४३४ मध्ये. १४५३ पर्यंत ते आफ्रिकेच्या किनाऱ्याने बरेच खाली सरकून सोने आणि गुलाम नेऊ लागले होते. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला तेव्हा त्याने किनाऱ्यावर एक माणूस उतरवला. त्याला तिथे भेटले कोण, तर कॅस्टिलियन आणि जिनोआची भाषा बोलणारे दोन ट्युनिशियन! ‘सैतान तुला नेवो, इथे कशाला कडमडलात?’ अशा अर्थाने त्यांनी स्वागत केले. रस्ता बंद होता, तर भूमध्य समुद्राच्या काठची ही मंडळी कालिकतच्या वाळूत काय करत होती?

याहून जवळचा पुरावा रायगड जिल्ह्यात आहे. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमारावर अमीर हुसेनच्या जहाजांनी हल्ला केला, दीवच्या मलिक अयाझची जहाजे मदतीला आली, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेइदा तिथे मारला गेला. अमीर हुसेन कोणाचा सरदार? इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा. एवढ्या लांबून तो आपल्या कोकणात लढायला आला, कारण पोर्तुगीजांनी त्याच्या धन्याचा चालता धंदा तोडायला घेतला होता. चौल-रेवदंड्याला सहली जातात. मुले किल्ला बघतात, नारळपाणी पितात आणि परत येऊन पेपरात लिहितात की रस्ता तुर्कांनी बंद केला होता.

हे मी इतके ताणून धरतो याला कारण आहे. त्या वाक्यात पोर्तुगीज बिचारे ठरतात. वाट अडली, नाइलाज झाला, म्हणून समुद्रात उतरले. पुढे गोव्यात जे झाले, कार्ताझ नावाचे परवाने घ्यायला लावून आपल्याच समुद्रात आपलीच गलबते लुटली गेली, ते सगळे त्या ‘भाग पडले’ या दोन शब्दांच्या आड जाते. त्यांना कोणी भाग पाडले नव्हते. व्हेनिस आणि कैरो यांचा नफा त्यांना हवा होता. उलट तुर्कांच्या माथी नसलेले पाप बसते.

शहर पडल्यावर ते राज्य विरले, पण त्याचे नाव विरले नाही. मेहमदने स्वतःला ‘कैसर-ए-रूम’, म्हणजे रोमचा सम्राट, म्हणवून घेतले, आणि त्या मुलखातून आलेल्या तुर्कांना हिंदुस्थानात रूमी म्हणू लागले. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली ती मुहम्मद बिन हसन रूमी याने. आपल्या गावोगावच्या वक्त्यांना आपण ज्या तोफेची उपमा देतो, तिच्या कारागिराच्या नावात ते राज्य असे येऊन बसले आहे.

माझी मागणी माफक आहे. ते एक वाक्य काढा. त्या जागी मसाल्याचा रस्ता नकाशासह दाखवा, त्यावर कैरो आणि अलेक्झांड्रिया ठळक करा, आणि सागरी मोहिमांची कारणे म्हणून नफा, सोने, गुलाम आणि धर्म ही चारही लिहा. ४७६ पुढे ‘पश्चिमेकडील’ हा शब्द जोडा, त्याला अर्धी ओळही लागत नाही. आणि कुठे तरी एक पान पूर्वेच्या रोमनांना द्या. त्यात कल्याण असू दे, जमिनीचा तो कायदा असू दे, बायकांचा दवाखाना असू दे. लढायांची यादी नसली तरी चालेल, तशा याद्या पुष्कळ आहेत.

जाता जाता एक व्यवहाराची अडचण. ‘युरोपीयांनी नवे सागरी मार्ग का शोधले?’ या बहुपर्यायी प्रश्नाच्या उत्तरतालिकेत आजही कॉन्स्टँटिनोपलचा पाडावच बरोबर धरला जातो. माझ्या वर्गातली एक मुलगी सगळे समजून घेऊन म्हणाली, ‘सर, पटलं. पण पेपरात काय टिक करू?’ निगेटिव्ह मार्किंग आहे, पोस्टची आशा आहे, घरी वडिलांनी दोन वर्षांची मुदत दिली आहे. मी तिला तूर्त चुकीच्या पर्यायावर खूण करायला सांगितले आहे. पुढची आवृत्ती कधी निघते, तेवढे कळवावे. त्याप्रमाणे तिला सांगेन.

कळावे,
आपला,
इतिहासाचा एक शिक्षक